सलाईननंतर मागे राहणारे डाग, गाठी आणि खाज : कारण कसे शोधावे, काय करावे

खानदेशात उन्हाळा लागला, की गावोगावच्या दवाखान्यांत खिडकीच्या गजाला नाहीतर भिंतीतल्या खिळ्याला सलाईनच्या बाटल्या लटकू लागतात. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास वावरात राबणारे माणूस चक्कर येऊन दवाखान्यात पोहोचते आणि बाटली लावली की त्याला बरे वाटते. त्यामुळे पुढे हातावर तपकिरी डाग राहिला, शीर दोरीसारखी कडक झाली किंवा महिनाभराने अंग खाजू लागले, तर ‘सलाईनची गरमी बाहेर पडते आहे’ असे म्हणून ती गोष्ट तिथेच सोडली जाते. माझ्या आईच्या बाबतीत आम्हीही हेच केले. एका मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांनी तिला सुरू झालेली खाज सव्वा वर्ष टिकली. अंगावर पुरळ दिसत नसल्याने घरातल्यांनीच तिला ‘मनावर घेऊ नकोस’ असे सांगितले. तिसऱ्या डॉक्टरांनी रुग्णालयातल्या औषधांचे बिल मागितले, तेव्हा कुठे त्या खाजेला नाव मिळाले. ते बिल आम्ही पहिल्याच दिवशी पाहिले असते, तर तिचे बरेच महिने वाचले असते, म्हणून हा लेख त्या क्रमाने लिहिला आहे, ज्या क्रमाने आम्ही तेव्हा जायला हवे होते.

पहिली पायरी : वाट पाहता येणार नाही अशी लक्षणे ओळखा

सलाईन चालू असताना किंवा त्यानंतर थोड्या वेळात ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला, अंगभर गांधी उठून चक्कर आली, तर ती तीव्र ॲलर्जी असू शकते. सलाईन तिथल्या तिथे थांबवून डॉक्टरांना बोलवावे, आणि घरी आल्यावर असे झाले तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मागवावी. सुईच्या जागेपासून लालसरपणा वर चढत असेल, ताप आणि थंडी वाजत असेल, त्या जागी पू दिसत असेल, किंवा कातडी काळी-निळी पडून बधिर झाली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तिसरा धोका बराच उशिरा येतो. सलाईनमधून दिलेल्या एखाद्या औषधामुळे काही दिवसांनी, क्वचित दोन ते आठ आठवड्यांनी ताप, अंगभर लाल पुरळ, तोंडात फोड, डोळ्यांची लाली, चेहऱ्यावर सूज किंवा कातडी सुटणे अशी लक्षणे दिसली, तर ती औषधाची गंभीर प्रतिक्रिया असू शकते. अशा रुग्णाला गावात मलम लावत बसण्याऐवजी जिल्ह्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी ती सोय आहे.

यांपैकी काही नसेल, तरच पुढच्या पायऱ्या शांतपणे कराव्यात.

दुसरी पायरी : जागा आणि तारीख लिहून काढा

कारण शोधण्याचे निम्मे काम दोन प्रश्नांनी होते : त्रास सुईच्या जागी आहे की अंगभर, आणि तो किती दिवसांनी सुरू झाला? सुई काढल्यानंतर दोन दिवसांच्या आत शिरेवर दुखरी लाल रेघ उठली, तर बहुधा शिरेचा दाह असतो. चिकटपट्टीच्या नेमक्या चौकोनी आकारात खाज आणि लाली आली, तर पट्टीची किंवा कातडी पुसण्याच्या औषधाची ॲलर्जी समजावी. न दुखणारा तपकिरी डाग काही तासांत किंवा दिवसांत दिसू लागला आणि तो हलतच नसेल, तर सलाईनमध्ये लोह होते का ते पाहावे. दोन-तीन आठवड्यांनी किंवा त्याहून उशिरा त्या जागी गाठ आली, तर कॅल्शियम साठलेले असू शकते किंवा रेंगाळणारा जंतुसंसर्ग. आणि काही आठवड्यांनी, पुरळ नसताना, अंगाच्या वेगवेगळ्या भागांत झटक्यांनी खाज उठू लागली, तर शस्त्रक्रियेत किंवा अतिदक्षता विभागात स्टार्चचे द्रावण दिले होते का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

मोबाइलवर आठवड्यातून एकदा, त्याच जागेचा, त्याच उजेडात फोटो काढावा आणि शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवावे, म्हणजे डाग वाढतो की आटतो हे मोजता येते. ‘थोडा कमी वाटतो’ या आठवणीपेक्षा असे चार फोटो डॉक्टरांच्या जास्त कामाचे असतात.

तिसरी पायरी : बाटलीत काय होते ते शोधा

आपल्याकडे शिरेतून दिलेल्या प्रत्येक द्रवाला ‘सलाईन’ म्हणतात आणि खरी अडचण इथूनच सुरू होते. साधे नॉर्मल सलाईन म्हणजे ०.९ टक्के मिठाचे पाणी; अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. ‘आरएल’ म्हणजे रिंगर लॅक्टेट, त्यात मिठाबरोबर थोडे पोटॅशियम, कॅल्शियम आणि लॅक्टेट असते. ही तिन्ही द्रावणे स्वतःहून महिनोन्‌महिने टिकणारा त्वचेचा त्रास सहसा देत नाहीत. त्रास देतात त्या बाटलीत टोचलेली किंवा त्याच सुईतून दिलेली औषधे, सुई स्वतः, वरची पट्टी, आणि वेगळ्या जातीची द्रावणे. म्हणून ‘सलाईन लावली होती’ एवढ्या माहितीवर कुठल्याही डॉक्टरला नेमके निदान करता येणार नाही.

डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा ‘आयव्ही फ्लुइड्स’ एवढेच लिहिलेले असते, त्यामुळे मेडिकलचे बिल हा जास्त बोलका कागद ठरतो. त्यावर प्रत्येक बाटलीचे नाव, संख्या आणि बॅच क्रमांक असतो. बिल हरवले असेल, तर रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून केसपेपर आणि औषधांच्या नोंदीचा तक्ता मागावा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपणे आणि मागणी केल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अर्जाची पोच घ्यावी आणि भाषा सौम्य ठेवावी. आपल्याला भांडायचे नसून उपचारासाठी माहिती हवी आहे, हे पहिल्याच ओळीत लिहिले की काम लवकर होते असा माझा अनुभव आहे. छोट्या दवाखान्यात कागदच नसेल, तर सिस्टरांना किंवा कंपाउंडरला बाटलीचा रंग, त्यात टोचलेली इंजेक्शने आणि किती बाटल्या लावल्या एवढे तरी विचारून लिहून ठेवावे.

चौथी पायरी : सुईच्या जागेचा त्रास असेल तर

शिरेचा दाह सर्वांत जास्त आढळतो. इंट्राकॅथ (शिरेत ठेवतात ती बारीक प्लास्टिकची नळी) जास्त दिवस एकाच जागी राहणे, सांध्याजवळ असल्याने सतत हलणे, किंवा काही प्रतिजैविके, पोटॅशियम आणि दाट ग्लुकोज यांसारखी शिरेला झोंबणारी औषधे, ही त्याची नेहमीची कारणे आहेत. सूज गेल्यावरही आत गोठलेल्या रक्तामुळे शीर कडक दोरीसारखी हाताला लागते. ती मऊ पडायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात, आणि वरची कातडी तेवढा काळ काळपट राहते. हात उशीवर उंच ठेवणे, कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याचा दिवसातून तीन-चार वेळा शेक देणे आणि डॉक्टरांना विचारून हेपारिनचे मलम हलक्या हाताने लावणे एवढे पुरते. दोरी मोडण्यासाठी जोरात चोळू नये. दुखणे पुन्हा वाढले, ताप आला किंवा सगळा हात सुजला, तर सोनोग्राफी करून खोल शिरेत गुठळी नाही ना हे पाहावे लागते.

‘सलाईन आउट गेली’ हे वाक्य रुग्णालयात रोज ऐकू येते. साधे मिठाचे पाणी शिरेबाहेर गेले, तर सूज एक-दोन दिवसांत ओसरते. परंतु २५ किंवा ५० टक्के डेक्स्ट्रोज, पोटॅशियम क्लोराइड, कॅल्शियम ग्लुकोनेट, सोडा बायकार्ब, फेनिटॉइन किंवा रक्तदाब वाढवणारे नॉरॲड्रिनॅलिन बाहेर गेले, तर ते ऊतक जाळू शकते आणि मग जखम, कातडी झडणे व कायमचा व्रण इथपर्यंत मजल जाते. अशा वेळी औषध लगेच बंद करावे, पण सुई घाईने उपटू नये, कारण तिच्यातूनच साठलेला द्रव थोडा मागे ओढता येतो आणि काही औषधांवरचा उतारा देता येतो. शेक गरम द्यावा की थंड, हेही औषधावर ठरते. दाट ग्लुकोजसारख्या द्रावणासाठी थंड पट्टी वापरतात, नॉरॲड्रिनॅलिनसाठी ऊब, आणि उलट केले तर नुकसान वाढते. म्हणून नातेवाइकांनी स्वतः गरम पिशवी लावण्याआधी ‘आत काय चालू होते?’ हे सिस्टरांना विचारावे.

नवजात बाळांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी. कॅल्शियमचे इंजेक्शन शिरेबाहेर गेले असेल, तर दोन-तीन आठवड्यांनी त्या जागी पिवळसर-पांढरी, खड्यासारखी कडक गाठ येऊ शकते. ती पाहून आईचा जीव उडतो आणि कोणीतरी ती फोडण्याचा सल्ला देतो. एक्स-रे काढला की त्यात साठलेले कॅल्शियम दिसते, आणि बहुतेक गाठी काही महिन्यांत आपोआप विरघळतात. ती टोचून काढण्याने मात्र जखम व जंतुसंसर्ग होतो.

लोहाचा डाग हा आपल्या भागात अधिक बोलला जायला हवा असा विषय आहे. गरोदरपणातल्या तीव्र रक्तक्षयासाठी आयर्न सुक्रोज किंवा फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज शिरेतून दिले जाते. हे उपचार गरजेचे आहेत आणि डागाच्या भीतीने ते नाकारू नयेत. मात्र द्रावण शिरेबाहेर झिरपले, तर लोह कातडीत बसते आणि चहाच्या पाण्यासारखा तपकिरी डाग महिनोन्‌महिने, कित्येकदा कायमचा राहतो. रावेर-यावलकडच्या वाचकांना केळीच्या चिकाचा डाग कपड्यात कसा बसतो हे सांगायला नको. हा डागही तसाच घासून निघत नाही. लिंबू, बेसन किंवा गोरे करण्याच्या क्रीमने तो जाणार नाही, कारण रंग वरच्या थरात नसून खाली साठलेल्या लोहाचा आहे. विशिष्ट लेझरने काही रुग्णांमध्ये तो बराच फिका झाला आहे, परंतु त्यासाठी अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ हवा. टाळणे त्याहून सोपे आहे : लोह सोडण्यापूर्वी साध्या सलाईनने सुई नीट शिरेत असल्याची खात्री करून घ्यावी, कोपर किंवा मनगटाच्या वळणावर सुई शक्यतो नसावी, आणि थोडीही जळजळ वाटली तर गरोदर बाईने संकोच न करता लगेच सांगावे. आपल्या बायका ‘सिस्टर रागावतील’ म्हणून दुखणे सोसतात, आणि तेवढ्या दहा मिनिटांत डाग पडून जातो.

पट्टीची ॲलर्जी असेल, तर पट्टी गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत लाली ओसरते, काळपटपणा मात्र सावळ्या कातडीवर काही महिने राहतो. चिकट राळ, क्लोरहेक्सिडीन किंवा पोव्हिडोन आयोडीन यांपैकी नेमके काय लागले हे पॅच टेस्टने, म्हणजे संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून केलेल्या चाचणीने, कळते. क्लोरहेक्सिडीनची ॲलर्जी पुढच्या शस्त्रक्रियेत जिवावर बेतू शकते, म्हणून ती तपासून घेणे महत्त्वाचे.

काही आठवड्यांनी उठणारी, न दुखणारी किंवा थोडी दुखणारी, मधूनमधून पाझरणारी आणि नेहमीच्या प्रतिजैविकांनी न बसणारी गाठ दिसली, तर क्षयाच्या जंतूंच्या कुळातल्या, माती-पाण्यात आढळणाऱ्या जंतूंचा विचार करावा लागतो. अशुद्ध पाणी लागलेल्या सुया-इंजेक्शनांतून ते शिरतात. गाठीतला पू किंवा तुकडा कल्चरला (प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखण्यासाठी) पाठवल्याशिवाय औषध ठरत नाही आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात. इथे तीन-चार वेळा प्रतिजैविक बदलून पाहण्यात वेळ घालवू नये.

पाचवी पायरी : पुरळ नसलेली, अंगभर फिरणारी खाज

शस्त्रक्रियेत किंवा अपघातात रक्त बरेच गेले, की रक्ताचे आकारमान टिकवण्यासाठी हायड्रॉक्सीएथिल स्टार्च नावाचे द्रावण दिले जात असे, आणि काही ठिकाणी आजही दिले जाते. ते मक्याच्या किंवा बटाट्याच्या स्टार्चपासून बनते. आपण खातो ते स्टार्च शरीरातला अमायलेज हा पाचक घटक पटकन तोडतो. या द्रावणात स्टार्चची रचना मुद्दाम अशी बदललेली असते, की ते सावकाश तुटावे आणि रक्तात जास्त वेळ टिकावे. जे तुटत नाही, ते शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी गिळतात, आणि त्याचा काही भाग त्वचेत, तिथल्या बारीक मज्जातंतूंच्या आवरणातही साठतो. १९९० च्या दशकात जर्मनी-ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांची त्वचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा खाजेचे कारण या साठ्यात सापडले.

या खाजेची ठेवण ओळखता येते. ती द्रावण दिल्यानंतर एक ते सहा आठवड्यांनी सुरू होते. झटक्यांनी येते आणि दहा-पंधरा मिनिटे किंवा अधिक काळ छळून जाते. गरम पाण्याची आंघोळ, ऊन, घाम, कपड्याचे घर्षण यांनी ती चाळवते. कातडीवर खाजवल्याच्या ओरखड्यांशिवाय काहीच दिसत नाही. अंगावर काही नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, आणि हे घरातल्या माणसांनी आधी समजून घ्यायला हवे. जितके द्रावण अधिक, तितका धोका अधिक. ६ टक्क्यांच्या अर्ध्या लिटरच्या एका बाटलीत ३० ग्रॅम स्टार्च असते, त्यामुळे बाटल्यांची संख्या मोजणे उपयोगी पडते. खाज सहसा काही महिन्यांनी ओसरते, परंतु एक-दोन वर्षे टिकल्याची उदाहरणे आहेत. माझ्या आईच्या बिलावर अशा दोन बाटल्या होत्या.

या द्रावणावर नंतर जे निर्बंध आले, त्याचे मुख्य कारण खाज हे नव्हते. जंतुदोषाच्या गंभीर रुग्णांमध्ये मूत्रपिंडाची हानी आणि मृत्यू वाढल्याचे २०१२ च्या मोठ्या चाचण्यांत दिसले. त्यानंतर २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यावर सर्वांत कडक इशारा लावला, युरोपात त्याच वर्षी वापर मर्यादित केला गेला आणि २०२२ मध्ये तिथे त्याची विक्री-परवानगीच स्थगित झाली. म्हणून ज्यांना हे द्रावण मिळाले आहे, त्यांनी खाजेबरोबरच एकदा क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाची, तपासणीही करून घ्यावी.

उपचारांत पहिली निराशा गोळ्यांची असते. ॲलर्जीवरच्या नेहमीच्या गोळ्या हिस्टामिन हे ॲलर्जीत खाज उठवणारे रसायन रोखतात, आणि या खाजेत हिस्टामिनचा फारसा हात नसल्याने त्या झोप आणतात, खाज मात्र तशीच राहते. कॅप्सेसिनचे मलम, अतिनील किरणांचा उपचार आणि नॅल्ट्रेक्सोनसारख्या गोळ्या त्वचारोगतज्ज्ञ वापरून पाहतात. कॅप्सेसिन म्हणजे नंदुरबारच्या बाजारात येणाऱ्या मिरचीतलाच तिखटपणा. पण ते ठरलेल्या प्रमाणात बनवलेले मलम असते, त्यामुळे घरातले तिखट तेलात कालवून कोणीही अंगाला लावू नये.

आईला खरा आराम साध्या गोष्टींनी दिला. कोमट किंवा थंड पाण्याची झटपट आंघोळ, साबण फक्त काखेत आणि जांघेत, आंघोळीनंतर ओल्या अंगावरच खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली, सुती सैल कपडे, आणि झटका आला की माठातल्या पाण्यात पिळलेला पंचा त्या जागी दहा मिनिटे. नखे बारीक ठेवल्याने ओरखडे चिघळले नाहीत. दुपारी बारा ते चार ती घरात कूलरसमोर राहू लागली आणि झटके निम्म्यावर आले.

सहावी पायरी : दुसरी कारणे तपासल्याशिवाय सलाईनला दोष देऊ नका

सलाईननंतर खाज आली म्हणून ती सलाईनमुळेच आली असे नाही. घरातल्या सगळ्यांनाच रात्री खाज येते आणि बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ आहे, तर ती खरूज असते. कावीळ, मूत्रपिंडाचा विकार, थायरॉईड, मधुमेह आणि लोहाची कमतरता यांतही पुरळ नसलेली खाज येते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपायांना खाज सुटली, तर यकृताची तपासणी तातडीने करावी. कापसावर फवारणी करणाऱ्यांनी आपल्या औषधांचाही विचार करावा. हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या आणि टीएसएच (थायरॉईडची चाचणी) एवढ्या तपासण्यांनी बहुतेक शंका मिटतात.

कारण न ठरलेल्या डागावर काय लावू नये, हेही सांगायला हवे. बिब्बा, चुना आणि तंबाखू यांनी आधीच दुखावलेली कातडी भाजते. बिब्ब्याने आलेले फोड आणि त्यानंतरचे काळे व्रण मूळ डागापेक्षा वाईट दिसतात. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी, स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमे चार दिवस बरे वाटवतात आणि महिन्याभरात कातडी पातळ करतात.

सातवी पायरी : नोंद करा

औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्यासाठी भारतात २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि गाझियाबादचा भारतीय औषधकोश आयोग त्याचे समन्वय केंद्र आहे. रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः नोंद करू शकतात, त्याचा अर्ज मराठीतही आहे, आणि १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. औषधाचे नाव, बॅच क्रमांक, दिल्याची तारीख, त्रास सुरू झाल्याची तारीख आणि फोटो सोबत ठेवावेत. एकाच बॅचच्या चार नोंदी वेगवेगळ्या तालुक्यांतून आल्या, तरच कोणाच्या तरी नजरेत ते भरेल.

आठवी पायरी : पुढच्या बाटलीपूर्वी

अशक्तपणासाठी सलाईन मागून घेण्याची आपली सवय मोडायला हवी, आणि हे मी डॉक्टरांपेक्षा आपल्याला, म्हणजे नातेवाइकांना सांगतो आहे, कारण बाटली न लावणाऱ्या डॉक्टरकडे आपणच पुन्हा जात नाही. २५ ग्रॅम साखर दोन केळ्यांत सहज मिळते. शुद्धीवर असलेल्या, उलट्या न होणाऱ्या माणसाला ओआरएसची एक पुडी एक लिटर पाण्यात विरघळवून घोटाघोटाने पाजली, तर उन्हाने आणि जुलाबाने गेलेले पाणी भरून येते. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या निर्वासितांच्या छावणीत सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-साखरेचे पाणी पाजून शेकडो जीव वाचवले. बेशुद्धी, सतत उलट्या, लघवी बंद होणे किंवा उष्माघात असेल, तर मात्र सलाईन ताबडतोब लागतेच, तिथे हट्ट करू नये.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांना, विशेषतः नंदुरबारकडच्या आदिवासी पाड्यांतल्या मुलांना, वेदनेच्या झटक्यांत अनेकदा सलाईन लागते आणि त्यांच्या शिरा लवकर खराब होतात. त्यांच्या पालकांनी मागच्या वेळी कोणत्या हाताला, कुठे सुई होती हे लिहून आणावे आणि कडक झालेल्या शिरेत पुन्हा सुई टोचू देऊ नये.

सुई असताना दिवसातून तीन-चार वेळा पट्टीच्या आजूबाजूला पाहावे. लाली, सूज, जळजळ किंवा पट्टी ओली दिसली तर लगेच सांगावे, आणि काम संपलेली सुई ‘राहू द्या, लागली तर’ म्हणून ठेवू देऊ नये.

आईच्या पाकिटात आता आधार कार्डाच्या मागे एक जाड कागद आहे. त्यावर द्रावणाचे पूर्ण नाव, दोन बाटल्या, शस्त्रक्रियेची तारीख, ‘खाज १५ महिने’ आणि ‘हे पुन्हा देऊ नये’ एवढे मराठीत आणि इंग्रजीत लिहिले आहे, आणि खाली त्वचारोगतज्ज्ञांची सही आहे. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या एका तपासणीसाठी तिला दाखल केले, तेव्हा भूलतज्ज्ञांनी तो वाचला आणि केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने उतरवून घेतला.